‘आमच्या पोरीवर प्रयोग नको’: बाळंतपणातल्या संशोधनाला हो म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या बहिणीला आठवा महिना. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आणली. तपासणीत बीपी 160/110 निघालं, लघवीत प्रोटीन दोन प्लस, म्हणून सरकारी दवाखान्यात भरती केलं. लगेच गोळी दिली, आता बीपी 146/96 आहे. आज एका डॉक्टर मॅडमनी फॉर्म आणून दिला: पुढे बीपी आटोक्यात ठेवायला दोन गोळ्यांची तुलना चालू आहे, कोणाला कोणती मिळणार ते चिठ्ठीनं ठरतं. आई म्हणते, आमच्या पोरीवर प्रयोग नको. सासरचे फोनवर विचारतात, सही कोणी करायची? ‘मी भाऊ आहे, काय करू?’

आधी आकड्याचं बोलू. गरोदरपणात बीपी चढून लघवीत प्रोटीन जायला लागलं की त्या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि तो वाढला की झटके (फिट्स) येतात. गरोदर बाईचं बीपी 160/110 असणं म्हणजे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. औषध अर्ध्या-एक तासात सुरू व्हायला हवं, आणि त्यासाठी कुठल्याही फॉर्मवर सहीची अट नसते. तुमच्या बहिणीला ते मिळालंय. फॉर्म त्यापुढच्या गोष्टीचा आहे. तेव्हा ‘सही केली नाही तर औषध बंद’ असं वॉर्डात कोणीही म्हणत असेल, अगदी झाडूवाल्या मावशी का असेनात, तर तडक युनिटच्या मोठ्या डॉक्टरांना गाठा. तसं नसतं.

मी तीसेक वर्षं बाळंतपणं केली, बरीचशी विदर्भातल्या सरकारी वॉर्डांत. असे फॉर्म मी स्वतः बायकांपुढे धरलेत. त्यामुळे मी त्रयस्थ नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

नव्वदच्या सुरुवातीला मी पीजी करत होते. लेबर रूमच्या टोकाला एक अंधारी खोली असायची, झटके आलेल्या बायांसाठी. काळे पडदे, कठडे असलेली खाट, उशाशी कापसाची पट्टी गुंडाळलेला चमचा, जीभ चावू नये म्हणून. उजेड नको, आवाज नको, भांडं पडलं की सिस्टर खेकसायच्या. उजेडानं झटका येतो असं आम्हाला शिकवलेलं होतं. डायझेपाम या गुंगीच्या औषधाचं सलाइन लावलेलं असायचं. बाई दोन-दोन दिवस ग्लानीत. बाळ झालं तर तेही मऊ पडलेलं, रडायचं नाव नाही. आणि एवढं करून झटका परत यायचा तो यायचाच.

औषधाचं म्हणाल तर ज्याचं युनिट त्याचा कायदा. आमचे सर डायझेपामवाले. शेजारच्या युनिटला फेनिटोइन, ते फिट्सचं औषध. त्याआधीच्या पिढीत मद्रासच्या कृष्णा मेनन यांचं ‘लायटिक कॉकटेल’ चालायचं: क्लोरप्रोमॅझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडिन. अमेरिकेत डॅलसला प्रिचर्ड नावाचे प्राध्यापक वर्षानुवर्षं मॅग्नेशियम सल्फेट देत होते आणि त्यांचे आकडे चांगले होते. युरोपातले लोक त्याला नाक मुरडायचे. प्रत्येकाजवळ अनुभव होता, प्रत्येकाला खात्री होती, आणि खरं काय ते कोणालाही माहीत नव्हतं. माझ्या पीजीच्या काळात एखाद्या बाईला कोणतं औषध मिळणार हे सोमवारी भरती झाली की मंगळवारी, म्हणजे कोणत्या युनिटच्या वारी आली, यावर ठरायचं. चिठ्ठी तेव्हाही होती, फक्त तिची नोंद कोणी ठेवत नव्हतं.

ती नोंद ठेवण्याचं काम ज्यांनी केलं त्यांत लेलिया ड्युली या ब्रिटिश संशोधक बाईंचं नाव मी आधी घेईन. त्या ऑक्सफर्डला होत्या. झटके येऊन गेलेल्या सुमारे 1,700 बाया, नऊ देश, त्यांत भारतही. चिठ्ठीनं काहींना मॅग्नेशियम, काहींना डायझेपाम किंवा फेनिटोइन. 1995 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. डायझेपाम घेतलेल्या शंभरातल्या 28 जणींना झटका परत आला, मॅग्नेशियम घेतलेल्यांत 13 जणींना. फेनिटोइनसमोर तर 17 विरुद्ध जेमतेम 6. एका निकालानं सगळ्या युनिटांचे कायदे रद्द झाले.

आज तुमच्या बहिणीला डोकेदुखी वाढली किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले तर जे इंजेक्शन देतील ते हेच, वॉर्डात त्याला ‘मॅगसल्फ’ म्हणतात. दोन मिलीची ॲम्प्यूल, तिच्यात एक ग्रॅम. चार फोडायच्या, पाणी मिसळून वीस मिली करायचं आणि शिरेतून पाचेक मिनिटं तरी सावकाश द्यायचं. देताना बाई हमखास म्हणते, ‘मॅडम, अंगात आग शिरली.’ आधी सांगून ठेवलं तर घाबरत नाही. मग दहा ॲम्प्यूल, पाच एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, लांब सुईनं. ते दुखतंच, म्हणून सिस्टर त्यात थोडं लिग्नोकेन, बधिर करणारं औषध, ओढून घेतात. पुढचा डोस चार तासांनी, पण त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याखाली टिचकी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत का, चार तासांत लघवी शंभर मिली झाली का. हातोडी वॉर्डात कधीच जागेवर नसते, आम्ही तळहाताच्या कडेनं मारायचो. पाय उडाला नाही तर डोस नाही. आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची ॲम्प्यूल ट्रेमध्ये हजर हवी, मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा तोच.

ही वस्तू म्हणजे एप्सम सॉल्ट, जुन्या काळी जुलाबाला देत ते. स्वस्त. पेटंट नाही, नफा नाही, म्हणून कुठलीही कंपनी त्याच्या तपासणीवर पैसा लावणार नव्हती. बाळंतपणातल्या औषधांची ही जुनीच रड आहे. तिथं संशोधन होतं ते सार्वजनिक पैशावर आणि सार्वजनिक दवाखान्यात. ‘गरिबांवरच का करतात’ असं तुमच्या आई विचारतील. त्याला एक उत्तर हे आहे: झटके येऊन बाया मरतात त्याही गरिबांच्याच, आणि त्या याच खाटांवर येतात. उत्तर पुरेसं नाही, मला माहीत आहे. दुसरी बाजू पुढे येतेच.

झटके यायच्या आधीच मॅग्नेशियम दिलं तर? हा पुढचा प्रश्न, आणि तो अवघड, कारण बीपी वाढलेल्या बहुतेक जणींना झटका येतच नाही. मग सगळ्यांना सुया टोचायच्या का? ड्युली यांच्याच पुढाकारानं ‘मॅगपाय’ नावाची चाचणी झाली. 33 देश, 10,141 बाया, अर्ध्या जणींना मॅग्नेशियम, अर्ध्या जणींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं पाणी. बाईला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. मधूनमधून आकडे उघडून बघणारी एक वेगळी समिती होती. फायदा स्पष्ट दिसतोय, आता आणखी बायांना नुसतं पाणी देणं बरोबर नाही, असं सांगून त्या समितीनं भरती थांबवायला लावली. 2002 चा निकाल: झटके शंभरात 1.9 वरून 0.8 वर, म्हणजे निम्म्याहून कमी. मॅग्नेशियम घेतलेल्या चौघींतल्या एकीला त्रास झाला, बहुतेक तीच अंगातली आग.

ज्या पाच हजार बायांना पाणी मिळालं त्यांचं काय, असा प्रश्न मला एका बाईच्या सासूनं विचारला होता, त्याच वर्षी. मी गडबडले. खरं हे की त्या दिवसापर्यंत बऱ्याच दवाखान्यांत असल्या बायांना झटका टाळायला काहीच मिळत नव्हतं. तरी तो प्रश्न मी विसरलेले नाही. फॉर्म हातात आला की हाच विचारायचा: माझ्या बहिणीला आज जे मिळालं असतं, त्याहून कमी काही मिळणार आहे का?

तुमच्या फॉर्मसारख्या एका कामाचा निकाल तर आपल्या नागपूरचाच आहे. 2015 ते 2017 मध्ये तिथल्या दोन सरकारी दवाखान्यांत 894 बाया घेतल्या, सगळ्यांचं बीपी तुमच्या बहिणीसारखं किंवा जास्त. प्रश्न साधा होता. इंजेक्शन द्यायला माणूस नाही, मॉनिटर नाही, अशा ठिकाणी तोंडानं कोणती गोळी द्यायची? निफेडिपिन, लॅबेटालॉल की जुनी मिथाइलडोपा? अमेरिकेतले थॉमस इस्टरलिंग आणि नागपूरच्या शुचिता मुंडले यांच्या चमूनं 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल मांडला. सहा तासांत, काही विपरीत न होता, बीपी ताब्यात आलं ते निफेडिपिननं 84 टक्के, लॅबेटालॉलनं 77, मिथाइलडोपानं 76. निफेडिपिन पुढे, पण त्या गटातली बाळं नवजात अतिदक्षता विभागात जास्त गेली, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती मिथाइलडोपाची. लोक तिला म्हातारी गोळी म्हणून हिणवत होते. एक डोस दिला आणि चौघींतल्या तिघींचं बीपी खाली आलं. जिथं दुसरं काही नाही तिथं रुग्णवाहिका येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही, हे आपल्याच बायांनी जगाला दाखवलं.

त्याच दवाखान्यांत त्याआधी 602 बायांवर आणखी एक काम झालं होतं. बीपीमुळे कळा लवकर आणायच्या तर तोंडानं मिसोप्रोस्टॉलची छोटी गोळी द्यावी की गर्भाशयाच्या तोंडात फोलीचा फुगा, म्हणजे टोकाला फुगा असलेली रबरी नळी, घालावा? चोवीस तासांत नॉर्मल बाळंतपण गोळीनं 57 टक्के, फुग्यानं 47. गोळी थोडी सरस, इतकंच.

उलट बाजूनं धुळ्याचं उदाहरण देते. आपली बाई पंचेचाळीस-पन्नास किलोची, तिला डॅलसच्या बाईएवढा मॅगसल्फ कशाला, या विचारातून कमी डोसाची ‘धुळे रेजिमेन’ निघाली. विचार पटण्यासारखा आहे, अनेक ठिकाणी ती वापरतात, मीही वापरली. पण तिच्यामागे आहेत ते छोटे-छोटे अभ्यास. हजारो बायांना विचारून, चिठ्ठी टाकून, नीट मोजलेलं काम नाही. म्हणून अजूनही दोन डॉक्टर भेटले की त्यावर वाद होतो, अगदी आमच्या नव्वद सालच्या युनिटांसारखा.

आता आईंचं म्हणणं. ‘प्रयोग नको’ म्हणजे त्यांना म्हणायचंय की जे पक्कं आहे तेच द्या. रास्त आहे. पण गरोदर बाईला न तपासलेलं औषध देणं हाही प्रयोगच, फक्त वहीशिवाय. अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून डीईएस नावाचं संप्रेरक 1940 च्या दशकापासून लाखो बायांना दिलं. 1953 मध्ये शिकागोत दीडएक हजार बायांवर नीट चाचणी झाली, तिच्यात दिसलं की काडीचा उपयोग नाही. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही, गोळ्या चालूच. 1971 मध्ये त्या बायांच्या वयात आलेल्या मुलींमध्ये योनीचा एक दुर्मीळ कॅन्सर दिसला, तेव्हा कुठे हात थांबला. फॉर्मवर सही घेऊन दिलेल्या औषधानं नव्हे, फॉर्म न भरता, विश्वासानं दिलेल्या औषधानं हे झालं.

पण आईंची भीती हवेतली नाही, हेही सांगायला हवं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मोठ्या स्त्री-रुग्णालयात 1966 पासून गर्भाशयाच्या तोंडावर कॅन्सरपूर्व बदल असलेल्या बायांना पुरते उपचार न देता नुसतं बघत ठेवलं होतं, आणि बायांना त्याचा पत्ताच नव्हता. काहींना कॅन्सर झाला, काही गेल्या. 1987 मध्ये दोन महिलांनी ते मासिकातून बाहेर काढलं, 1988 मध्ये न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांचा चौकशी अहवाल आला. तिथं कागद नव्हता, विचारणं नव्हतं. तुमच्या हातात जो फॉर्म आहे तो अशाच बायांमुळे आहे. त्याला नुसता सोपस्कार समजू नका, आणि डॉक्टर तसा समजत असतील तर त्यांनाही समजू देऊ नका.

भारतात आज अशी चाचणी सुरू करण्याआधी ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. नंबर फॉर्मवर असतो, नसला तर मागा, मोबाइलवर टाकलात की अभ्यास कोणाचा, पैसा कोणाचा, ते दिसतं. दवाखान्याची नीतिमत्ता समिती असते, तिच्या सदस्य-सचिवाचा फोन फॉर्मवर हवा. माहितीपत्रक मराठीत हवं आणि तुमची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. मी पाहिलंय की प्रत बऱ्याचदा ‘नंतर देतो’ वर जाते, आणि नंतर येत नाही. सही आणि प्रत एकाच वेळी. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार फुकट, हे त्या पत्रकात लिहिलेलं असलं पाहिजे. मधेच बाहेर पडायचं असेल तर कारण न देता पडता येतं, आणि त्यामुळे खाट जात नाही.

मॅडमना विचारा की दोन्ही गोळ्या आज एरवीही देतात का. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून त्या निफेडिपिन आणि लॅबेटालॉल असाव्यात, तसं असेल तर दोन्ही रोजच्या वापरातल्या आहेत, आणि चिठ्ठी निघाली काय, न निघाली काय, तिला यांतलीच एक मिळणार. विचारा की रात्री दोन वाजता काही झालं तर कोणाला उठवायचं, नाव आणि नंबर. बाळाला जास्तीचं रक्त काढणार का, तेही विचारा. आणि मग एक गोष्ट नुसती बघा, विचारू नका: मॅडम उत्तर देताना खाटेजवळच्या स्टुलावर बसतात का. घाईत उभ्याउभ्या सही मागणाऱ्याला मी स्वतः दोनदा वॉर्डाबाहेर काढलंय.

आता सही. सासरचे विचारतात, माहेरचे ठरवतात, आणि मधे ती पोरगी खाटेवर डाव्या कुशीवर पडलेली. ती सज्ञान आहे, शुद्धीवर आहे. सही तिची. नवऱ्याची नाही, तुमची नाही, आईची नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा, आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार, त्याच्यासमोर फॉर्म वाचून दाखवायचा. तुम्ही भाऊ म्हणून एवढं करा: सगळ्यांना बाहेर चहाला न्या आणि तिला मॅडमशी दहा मिनिटं एकटीला बोलू द्या. ती नाही म्हणाली तर नाही. त्यावर परत बैठक नको.

मी असते तर? दोन्ही गोळ्या रोजच्या असतील, नंबर खरा असेल, प्रत हातात असेल, तर मी हो म्हणाले असते. अशा अभ्यासात बीपी ठरल्या वेळी मोजतात, आणि खरं सांगू, चाळीस खाटांच्या वॉर्डात एवढंही एरवी होईलच असं नाही. पण हे माझं मत.

आजाराचं एक समजून घ्या म्हणजे पुढचे दिवस सोपे जातील. दोष वारेत असतो. सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या रक्तवाहिन्या वारेकडे पुरत्या रुंदावत नाहीत, वार उपाशी राहते आणि रक्तात नको ती प्रथिनं सोडते. त्यातलं एक, रक्तवाहिन्यांना पोसणारं द्रव्य अडवून धरणारं, 2003 मध्ये बोस्टनमध्ये अनंत करुमंची या मूळच्या भारतीय किडनीतज्ज्ञाच्या चमूनं दाखवून दिलं. त्यावर आता रक्ताची तपासणीही निघालीय, पण बहिणीचं निदान झालेलंच आहे, त्या तपासणीमागे खर्च करू नका. गोळ्या बीपी धरून ठेवतात, आजार बरा करत नाहीत. तो सुटतो वार पडल्यावर. म्हणून डॉक्टर रोज हिशेब मांडत असतात, बाळाला आणखी चार दिवस पोटात मिळावेत की आईसाठी आता मोकळं करावं. तारीख पुढे-मागे झाली तर फसवताहेत असं समजू नका.

रात्री डोकं ठणकलं, नजर धुरकट झाली किंवा छातीखाली मधोमध दुखलं तर ती ॲसिडिटी समजून पाणी पाजत बसू नका, सिस्टरला उठवा. बाळंत झाल्यावरही धोका लगेच टळत नाही. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पुन्हा चढतं, नेमकं तेव्हा घरचे ‘आता सुटका झाली’ म्हणून डिस्चार्ज मागतात. मागू नका. घरी न्याल तेव्हा गोळ्या कधीपर्यंत हे केस पेपरवर लिहून घ्या, पाचवी-बारशाच्या गडबडीतही बीपी मोजा, आणि बारा आठवड्यांनी एकदा बीपी आणि लघवी नक्की दाखवा. पुढच्या खेपेला पाळी चुकली की पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना हा केस पेपर दाखवायचा, कारण ॲस्पिरिनची छोटी गोळी तेव्हा सुरू केली तर उपयोग होतो. 2017 मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत, धोका जास्त असलेल्या बायांमध्ये, महिने भरण्याआधीच उद्भवणारा हा आजार तिनं शंभरात 4.3 वरून 1.6 वर आणला. सातव्या महिन्यात आठवण झाली तर ती गोळी घेऊन फारसं काही होत नाही.

फॉर्मची प्रत मिळाली की ती त्याच केस पेपरच्या मागे टाचून ठेवा.